स्लायडिंगच्या दारातून घरफोडी होऊ नये म्हणून: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तळमजल्याचा फ्लॅट, रो हाउस, बंगला, गावाबाहेरचं सेकंड होम. हॉलमधून गॅलरीत, टेरेसवर किंवा अंगणात उघडणारं ॲल्युमिनियमचं स्लायडिंग आता सगळीकडे दिसतं. उजेड येतो, वारा येतो, जागा अडत नाही. पण मुख्य दाराला सेफ्टी डोअर, लॅच आणि वर कडी-कुलूप असतं, आणि मागचं हे काचेचं दार मात्र बोटभर टच लॉकवर, म्हणजे बोटाने दाबून लागणाऱ्या छोट्या लॉकवर सोडलेलं असतं. ते पक्कं करायला फार पैसे लागत नाहीत. कोणतं काम आधी करायचं, ते कळलं पाहिजे. दुकानात गेलं की सगळे नवं कुलूप दाखवतात, आणि बहुतेक घरांत कुलूप हा दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाचा प्रश्न असतो.

स्लायडिंगचं दार खरंच इतकं कच्चं असतं का?

जसं बसवून मिळतं तसं वापरलं, तर हो. बिजागरीचं लाकडी दार तीन बाजूंनी चौकटीत घट्ट बसतं. स्लायडिंगचा पल्ला नुसता खालच्या रुळावर उभा असतो आणि वरच्या खाचेत त्याची कड अडकलेली असते. त्यामुळे चोराला चार वाटा मिळतात. पल्ला उचलून रुळावरून काढायचा, कटावणी घालून कुलूप उचकटायचं, अख्खी चौकट भिंतीतून सैल करायची किंवा काच फोडायची. काच फोडली तर आवाज होतो, तुकडे पडतात, हात कापतो. पहिल्या दोन वाटांना फारसा आवाज होत नाही. म्हणून सुरुवात तिथून करायची.

पल्ला बाहेरून उचलून काढता येतो म्हणतात, ते कसं?

दार बसवताना फॅब्रिकेटर, म्हणजे ॲल्युमिनियमची दारं बनवून बसवणारा कारागीर काय करतो ते एकदा नीट पाहा. पल्ला हातात घेऊन तो तिरका करतो, त्याची वरची कड वरच्या ट्रॅकमध्ये घालतो, पल्ला वर ढकलतो आणि मग खालची चाकं रुळावर अलगद सोडतो. हे जमावं म्हणून वरच्या ट्रॅकमध्ये मोकळी जागा ठेवावीच लागते. ज्या जागेमुळे पल्ला बसला, त्याच जागेमुळे तो निघतो. पल्ल्याखाली पटाशी घालून तो वर रेटला, चाकं रुळाच्या माथ्यावर आली आणि खालची बाजू बाहेर ओढली, की झालं.

यात दोन गोष्टींनी भर पडते. पहिली म्हणजे चाकं झिजणं. नायलॉनची किंवा बेअरिंगची चाकं वर्षानुवर्षं धुळीत फिरली की झिजतात, पल्ला खाली बसतो आणि वरची फट तेवढीच वाढते. म्हणजे दार नवं असताना ठीक होतं ते दहा वर्षांनी उचलता येऊ शकतं. दुसरी गोष्ट कुलपाची. पल्ला वर सरकला की आकडा असलेलं कुलूपही काही दारांत आपल्या खाचेतून सुटतं. कुलूप लावलेलंच राहतं आणि दार उघडं.

बाहेरच्या रुळावरच्या पल्ल्याला धोका जास्त, कारण त्याच्या बाहेरच्या बाजूला अडवायला काहीच नसतं.

माझ्या दाराचा पल्ला उचलला जातो का, हे कसं तपासू?

दार बंद करा, लॉक लावा. आत उभं राहून पल्ल्याच्या दोन्ही उभ्या पट्ट्या धरा आणि सरळ वर उचला. घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी खाली वाकून रुळाकडे बघायला सांगा. पल्ल्याची खालची कड रुळाच्या माथ्यापर्यंत येत असेल, तर तो बाहेर निघू शकतो. दोन-तीन मिलिमीटर हलला तर काळजी नको, तेवढी सैल जागा दार सरकायला लागतेच. हीच तपासणी बाहेरच्या पल्ल्यावरही करा. लोक नेमका तोच विसरतात.

जड काचेचा मोठा पल्ला असेल तर एकट्याने करू नका.

उचलला गेला, तर काय करायचं?

आधी चाकं बघा. चांगल्या सेक्शनमध्ये, म्हणजे ज्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांपासून दार बनतं त्यांत, पल्ल्याच्या खालच्या कोपऱ्याजवळ एक छोटं भोक असतं आणि आत चाकाची उंची कमी-जास्त करायचा पेच असतो. दोन्ही बाजूंचे पेच सारखे फिरवून पल्ला थोडा वर घेतला की वरची फट कमी होते आणि दार सरकायलाही हलकं होतं. स्वस्तातल्या चाकांना असा पेच नसतो, ती बदलावी लागतात. चाकं बदलण्याचं काम कोणताही ॲल्युमिनियमवाला करून देतो.

नंतर वरच्या ट्रॅकमध्ये अडथळा बसवायचा. त्यासाठी अँटी-लिफ्ट ब्लॉक नावाचे प्लास्टिकचे तुकडे मिळतात. ते मिळाले नाहीत तर स्टेनलेस स्टीलचे चपट्या डोक्याचे स्क्रूही चालतात. दार बंद असताना पल्ला जिथे उभा असतो, बरोबर त्याच्या वर, ट्रॅकच्या आतल्या छताला दोन किंवा तीन स्क्रू पिळायचे. ते पूर्ण आत घालायचे नाहीत. पल्ला खालून जेमतेम सरकेल इतकं डोकं बाहेर ठेवायचं. यात एक सोय आपोआप होते. पल्ला त्याच ट्रॅकच्या दुसऱ्या अर्ध्या भागात सरकवला की तिथे वर स्क्रू नसतात, त्यामुळे चाकं बदलायची वेळ आली तर तो नेहमीसारखा काढता येतो. पण बंद दारातून काढता येत नाही.

घरी ड्रिल असेल तर हे अर्ध्या तासाचं काम आहे. एकच गोष्ट करायची ठरली, तर माझ्या मते हीच करावी.

ट्रॅकमध्ये दांडा टाकला की पुरे ना?

हा सल्ला सगळीकडे मिळतो आणि तो निम्मा बरोबर आहे. जुन्या वाड्यांच्या दारामागे जसा अडसर असायचा, तसाच हा दांडा. आतल्या रुळाच्या रिकाम्या अर्ध्या भागात तो आडवा ठेवला की आतला पल्ला सरकत नाही, मग लॉक तुटलं तरी.

आता बाहेरच्या पल्ल्याचा विचार करा. आपल्याकडच्या टू-ट्रॅक, म्हणजे दोन रुळांच्या स्लायडिंगमध्ये साधारणपणे दोन्ही पल्ले सरकतात. आतला उजवीकडे आणि बाहेरचा डावीकडे असं धरू. आतल्या रुळात डावीकडे दांडा ठेवला, आतला पल्ला अडला. पण बाहेरचा पल्ला वेगळ्या रुळावर आहे. त्याला उजवीकडे सरकायला काहीच आडवं येत नाही, आणि तो सरकला की डावी बाजू उघडी पडते. त्याचा रस्ता अडवायचा तर दांडा बाहेरच्या रुळात, म्हणजे घराबाहेर ठेवावा लागेल, आणि त्याला काही अर्थ नाही. बाहेरच्या पल्ल्याला स्वतःचं लॉक असतं तेव्हा सगळी भिस्त त्या एका लॉकवर राहते.

तेव्हा दांडा जरूर वापरा, पण तुमच्या दाराचे दोन्ही पल्ले सरकतात का हे आधी बघा. एक पल्ला पक्का बसवलेला असेल आणि सरकता पल्ला आतल्या रुळावर असेल, तर दांड्याचा पूर्ण उपयोग होतो.

दांडा रुळात जवळपास घट्ट बसेल इतका लांब हवा. चार बोटं आखूड ठेवला तर चार बोटं फट पडते, आणि तेवढी कटावणीला पुरते. लाकडी दांडा पावसाळ्यात फुगून अडकतो. ॲल्युमिनियमचा चौकोनी पाइप दोन्ही टोकांना रबरी टोप्या लावून वापरला तर तो टिकतो आणि ट्रॅकही खरवडला जात नाही.

मग दोन्ही पल्ले एकदम कसे अडवायचे?

मध्ये जिथे दोन्ही पल्ल्यांच्या उभ्या पट्ट्या एकावर एक येतात, तिथे आरपार पिन घालून. पिनेने दोन्ही पल्ले एकमेकांना जखडले की एकही सरकत नाही, कारण दोघांनी मिळून पूर्ण चौकट भरलेली असते. वर उचलणंही कठीण होतं. तयार पिन लॉक मिळतात, पण पाच-सहा मिलिमीटर जाडीची, डोक्याला कडी असलेली स्टेनलेस स्टीलची पिनही तेच काम करते.

भोक पाडताना मात्र जपायचं. आतल्या पल्ल्याची पट्टी पूर्ण आरपार भोकायची, बाहेरच्या पट्टीची फक्त आतली भिंत. बाहेरची भिंतही भोकली तर बाहेरून तार घालून पिन मागे ढकलता येते. ड्रिलच्या बिटला नेमक्या खोलीवर चिकटपट्टी गुंडाळून घ्या, म्हणजे थांबायचं कुठे ते कळतं. भोक बाहेरच्या दिशेला किंचित उतरतं ठेवा, म्हणजे दार हलवलं तरी पिन निसटून पडणार नाही. आणि सर्वात महत्त्वाचं म्हणजे काचेची कड पट्टीच्या खाचेत कुठपर्यंत आली आहे हे समजून घ्या आणि त्यापासून दूर, पोकळ भागात भोक पाडा. टफन्ड, म्हणजे उष्णता देऊन कडक केलेल्या काचेच्या कडेला ड्रिलचा नुसता धक्का लागला तरी अख्खी काच खळ्ळकन खाली येऊ शकते. शंका असेल तर हे काम फॅब्रिकेटरकडूनच करून घ्या.

एक पिन कमरेच्या उंचीवर आणि एक वरच्या बाजूला असेल तर उत्तम. घरात लहान मूल असेल तर वरची पिन त्याच्या हाताला न लागणारी ठेवता येते.

थ्री-ट्रॅकमध्ये तिसऱ्या रुळावर मच्छरदाणीची जाळी असते. दोन्ही काचा शेजारशेजारच्या रुळांवर असतील तर पिन चालते. जाळीच्या पल्ल्याचा सुरक्षेसाठी काही उपयोग नाही, ती ब्लेडने फाटते. उन्हाळ्यात काच उघडी आणि जाळी बंद ठेवून झोपणाऱ्या तळमजल्याच्या लोकांनी हे ध्यानात घ्यावं.

टच लॉक काढून कोणतं कुलूप घालावं?

टच लॉकची जीभ छोटी असते आणि एकाच जागी अडकते. त्याऐवजी आकड्याचं, म्हणजे हुक असलेलं लॉक घ्या, कारण ते पल्ल्याला चौकटीपासून दूर ओढू देत नाही. दार मोठं असेल तर दोन-तीन ठिकाणी आकडे सोडणारं मल्टिपॉइंट लॉक अधिक चांगलं. मात्र ते मावेल इतकं रुंद सेक्शन लागतं, जुन्या बारीक सेक्शनमध्ये बसत नाही.

चावीचं लॉक असेल तर चावी लॉकमध्ये ठेवून झोपू नका. काच फोडून हात आत घातला की चावी तयारच असते.

दार बंद असताना अख्खी चौकट हलते. हे चालेल का?

नाही, हे लगेच दुरुस्त करून घ्या. चौकट भिंतीला स्क्रू आणि गिट्टीने, म्हणजे भोकात ठोकून स्क्रू धरून ठेवणाऱ्या प्लगने बसवलेली असते आणि कडेने सिलिकॉन भरलेला असतो. सिलिकॉन पाणी अडवतो, चौकट धरून ठेवत नाही. नव्या इमारतींमध्ये भिंती बऱ्याचदा एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हवेची छिद्रं असलेल्या हलक्या काँक्रीटच्या विटांच्या असतात. त्या हलक्या आणि ठिसूळ, म्हणून तिथे साध्या गिट्ट्या सैल पडतात. अशा ब्लॉकसाठीचे लांब फ्रेम फिक्सर, म्हणजे चौकट भिंतीला आवळणारे लांब स्क्रू-प्लग वापरायला सांगा. लॉक ज्या उभ्या बाजूला अडकतं, तिथे लॉकच्या वर आणि खाली जवळच एकेक फिक्सर हवाच.

खालच्या ट्रॅकमधली पाणी जाण्याची बारीक भोकं मात्र सिलिकॉनने बुजवू नका. ती बुजली की पावसाचं पाणी ट्रॅकमध्ये साचतं, चाकं गंजतात आणि पल्ला पुन्हा खाली बसायला लागतो.

काच फोडली तर हे सगळं फुकटच ना?

फुकट नाही. काच फोडण्यात आवाज आहे, आणि पिन व दांडा असतील तर हात आत घालूनही दार पटकन उघडत नाही. तरीही काच कोणती आहे याने फार फरक पडतो.

टफन्ड काच साध्या काचेपेक्षा चार ते पाच पट मजबूत असते आणि फुटली तर तिचे बारीक, बोथट तुकडे होतात. माणसाला इजा होऊ नये म्हणून ती चांगली. पण टोकदार वस्तूचा नेमका फटका बसला की अख्खी काच एकदम गळून पडते आणि वाट मोकळी होते. म्हणजे टफन्ड ही अपघातापासून वाचवणारी काच आहे, चोरापासून नाही. विक्रेते हा फरक सांगत नाहीत.

चोरासाठी लॅमिनेटेड काच. दोन काचांच्या मध्ये पीव्हीबी नावाचा चिवट पडदा असतो. काच तडकते पण जागेवर राहते, आणि माणूस जाईल एवढं भोक पाडायला बराच वेळ ठोकत बसावं लागतं. हा पडदा ०.३८ मिलिमीटरपासून पुढे ०.७६, १.५२ अशा जाडीत मिळतो. जितका जाड, तितका प्रतिकार जास्त. युरोपातल्या ईएन ३५६ या चाचणीत पी४ए दर्जाच्या काचेवर सुमारे ४ किलोचा पोलादी गोळा ९ मीटर उंचीवरून तीन वेळा टाकतात आणि तो आरपार जाता कामा नये. दार नवं करणार असाल तर तळमजल्यावर लॅमिनेटेडच घ्या. खर्च वाढतो, पण इथे तो सार्थकी लागतो.

सिक्युरिटी फिल्म लावली तर?

आहे ती काच बदलायची नसेल तर हा मधला मार्ग. फिल्म आतून लावतात, २०० मायक्रॉनच्या आसपासची जाड घ्यावी. पण नुसती काचेवर चिकटवून भागत नाही. टफन्ड काचेवर अशी फिल्म असली तर फुटलेली काच फिल्मसकट चादरीसारखी दुमडून आत येते. फिल्मच्या कडा स्ट्रक्चरल सिलिकॉनने पल्ल्याच्या पट्टीला बांधून घेतल्या तरच ती धरून राहते. काम देताना हे आधी बोलून घ्या, कारण बरेच जण फिल्म काचेच्या कडेपर्यंत कापून मोकळे होतात. ऊन अडवणारी काळी फिल्म वेगळी, तिच्याकडून ही अपेक्षा ठेवू नका.

त्यापेक्षा लोखंडी ग्रिल किंवा चॅनेल गेट (घडी होऊन बाजूला सरकणारं जाळीचं लोखंडी गेट) लावून टाकलं तर?

तळमजल्याला आणि बंद राहणाऱ्या घराला ते सर्वात भक्कम. दाराच्या आतल्या बाजूला लावलं तर चोराला आधी काच आणि मग लोखंड असं दोनदा लढावं लागतं, आणि पावसाने गंजतही नाही. बाहेरून लावणार असाल तर सोसायटीची लेखी परवानगी घ्या, दर्शनी भाग बदलतो म्हणून त्यावरून वाद होतात.

एक अट मात्र सोडू नका. आग लागली तर ही बाहेर पडायची वाट आहे. गेटला कुलूप असेल तर चावी ठरलेल्या खुंटीवर, काचेतून हात घालून पोहोचणार नाही अशा अंतरावर, आणि घरातल्या आजी-आजोबांपासून मुलांपर्यंत सगळ्यांना माहीत असलेली हवी. कायमचं बंद ग्रिल दारावर कधीच बसवू नका.

गॅलरीला लावतात ते तारांचं इन्व्हिजिबल ग्रिल मुलं पडू नयेत आणि कबुतरं येऊ नयेत यासाठी आहे. तार कापायच्या पकडीपुढे ते टिकत नाही.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. आम्हाला हे लागू आहे का?

गॅलरीच्या आजूबाजूला बघा. ड्रेनेजचे पाइप, एसीच्या बाहेरच्या युनिटचा कठडा, छज्जे, शेजारच्या गॅलरीशी जोडलेली भिंत, वरची गच्ची. यांतलं काही हाताच्या अंतरावर असेल तर हो. रंगकामासाठी इमारतीला परांची बांधली असेल, तर ती उतरेपर्यंत सगळ्या मजल्यांनी स्वतःला तळमजला समजावं.

लोणावळ्याला, अलिबागला किंवा गोव्यात बंद घर आहे. तिथे वेगळं काय?

तिथे आवाज ऐकायला कुणी नसतं, त्यामुळे काच फोडायची भीती चोराला वाटत नाही. म्हणून पिन आणि दांड्यावर थांबू नका, आतून चॅनेल गेट किंवा रोलिंग शटर बसवा. समुद्राजवळ साधे स्क्रू आणि लोखंडी बेअरिंग खाऱ्या हवेने लवकर जातात. स्क्रू, पिना, चाकांचे आस स्टेनलेस स्टीलचे घ्या, किनाऱ्यावर ३१६ ग्रेडचे. दर खेपेला ट्रॅक ब्रशने साफ करा आणि पल्ला उचलून बघा. अंगणात शिडी, पहार, फावडं मोकळं ठेवू नका, चोराला हत्यार घरचंच मिळतं.

आणि ओळखीचा केअरटेकर असला तरी शेजाऱ्याचा नंबर जवळ हवा.

सेन्सर आणि कॅमेरा लावले तर हे बाकीचं टाळता येईल का?

टाळू नका. सेन्सर चोराला थांबवत नाही, तो कळवतो. कळल्यावर कुणी पोहोचेपर्यंत दाराने तग धरायला हवा. चुंबकाचा डोअर सेन्सर दोन्ही पल्ल्यांना लागतो, एकाला लावून उपयोग नाही. काच फुटली आणि पल्ला जागेवरच राहिला तर चुंबकाच्या सेन्सरला काहीच समजत नाही, त्यासाठी कंपनाचा किंवा काच फुटल्याचा आवाज ओळखणारा सेन्सर वेगळा. वीज गेली की वायफायवरचं सगळं बंद पडतं, म्हणून राउटर इन्व्हर्टरवर घ्या. बाहेर हालचालीवर लागणारा दिवा मात्र कमी खर्चात चांगलं काम करतो.

भाड्याच्या घरात आहे, भोकं पाडता येत नाहीत.

दांडा ठेवा, चिकटवायचा सेन्सर लावा आणि चाकांची उंची वाढवून घ्या. यांतल्या कशानेच घरमालकाचं काही बिघडत नाही. दोन्ही पल्ले सरकते असतील तर पिनेसाठी मालकांना विचाराच, घर त्यांचंही सुरक्षित होतं.

आम्ही अमेरिकेत असतो. तिथल्या पॅटिओ डोअरला, म्हणजे अंगणात उघडणाऱ्या स्लायडिंगला, हेच उपाय का?

तत्त्व तेच. तिथे बहुतेक दारांत एक पल्ला पक्का आणि एक सरकता असतो. सरकता पल्ला आतल्या बाजूला असेल तर ट्रॅकमधला दांडा किंवा कमरेच्या उंचीवर आडवा बसणारा बार पूर्ण काम करतो. काही जुन्या दारांत सरकता पल्ला बाहेरच्या बाजूला असतो, तिथे दांडा ठेवायला जागाच नसते, मग पिन किंवा पायाने दाबायचं ट्रॅक लॉक. नवं दार घेताना एएसटीएम एफ८४२ चाचणी झाली आहे का विचारा. ही चाचणी सरकत्या दाराच्या सक्तीने उघडण्याला होणाऱ्या प्रतिकाराची आहे, काच त्यात धरत नाहीत, म्हणून काचेचं वेगळं विचारा. जर्मनीत किंवा युरोपात इतरत्र असाल तर ईएन १६२७ मधला आरसी२ दर्जा मागा. त्यात साध्या हत्यारांनी तीन मिनिटं दार उघडता येऊ नये अशी चाचणी असते.

इतकं करूनही घरफोडी झाली, तर?

आत जाऊ नका, कुणी अजून घरात असू शकतं. बाहेरूनच ११२ वर फोन करा. पंचनामा होईपर्यंत दार, काच, ट्रॅक यांना हात लावू नका आणि झाडू मारू नका. मोबाइलवर फोटो काढून ठेवा, विशेषतः उचकटल्याच्या खुणांचे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे, राहत्या घरातल्या चोरीसाठी कलम ३०५ आणि घरफोडीसाठी कलम ३३१ आहे. एफआयआरची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते, ती मागून घ्या.

या खुणा विम्यासाठीही लागतात. घरफोडीच्या पॉलिसीत बळजबरीने प्रवेश झाल्याची अट असेल तर नुसती चोरी पुरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. उघड्या राहिलेल्या दारातून माल गेला, तर अशा पॉलिसीत दावा अडतो. आणखी एक गोष्ट अनेकांना दावा करतानाच कळते. २०२१ पासून मिळणारी भारत गृह रक्षा ही आग, पूर, भूकंप अशा संकटांची पॉलिसी आहे. त्यातली चोरी म्हणजे त्या संकटामुळे सात दिवसांच्या आत झालेली चोरी. एरवीच्या घरफोडीचं संरक्षण वेगळं घ्यावं लागतं. तुमची पॉलिसी आजच काढून त्यात घरफोडी आहे का बघा, आणि दागिन्यांची मर्यादा किती लिहिली आहे तेही.